आईने न दिलेली साक्ष

आमच्या पंथाचं वार्षिक अधिवेशन या खेपेला महाडला होणार असं कळलं, तेव्हा आमच्या मंडळीत सगळ्यात जास्त आनंद मला झाला होता. हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं रागाचं आहे. ही बाई पहिल्यापासूनच तोंड वाकडं करून बसली असेल, असं कुणाला वाटायला नको.

महाडात आम्ही ख्रिस्ती लोक मूठभर. रविवारची उपासना एका भाड्याच्या गाळ्यात, हार्डवेअरच्या दुकानाच्या वर. निम्मी माणसं औद्योगिक वसाहतीत पाळीने कामाला, त्यामुळे कधी खोली भरते, तर कधी पेटी वाजवायलाही कुणी नसतं. मी शाळेत मराठी शिकवते. ख्रिस्ती आहे म्हटलं की नवा सहकारी विचारतो, "गोव्याच्या का?" मी पोलादपूरच्या वरची, आंबेनळी घाटाच्या रस्त्यावरच्या वाडीतली, असं सांगितलं की तो आणखीच गोंधळतो. अशा आमच्या गावात मुंबईहून, पुण्याहून, नगरकडून बसगाड्या भरून आपली माणसं येणार, महामार्गालगत मांडव पडणार, बाजारात सगळ्यांना दिसणार की आम्ही इतके आहोत. मला लहान पोरीसारखं कौतुक वाटत होतं. मी सतरंज्या गोळा करत फिरले, स्वयंपाकाच्या बायकांबरोबर कांदे चिरले, शाळेतून बाकं मागून आणली.

अधिवेशनाच्या आठवडाभर आधी संयोजक आमच्या घरी आले. चाळिशीचा, मुंबईचा, गोड बोलणारा माणूस. त्यांना व्यासपीठावरून साक्ष द्यायला इथलीच कुणीतरी व्यक्ती हवी होती. साक्ष म्हणजे प्रभूने आपल्या आयुष्यात काय केलं ते चारचौघांत सांगणं. कुणीतरी माझ्या आईचं नाव सुचवलं होतं.

आई तेव्हा दारात बसून तांदूळ निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं आणि जे झालं ते सांगितलं. ते मी इथे सांगते, कारण खरं काय ते आधी माहीत असायला हवं.

माझा धाकटा भाऊ वसाहतीत एका कारखान्यात कामाला होता. तिथे स्फोट झाला आणि तो गेला. वडील त्याच्या आधीच वारले होते. माझे काका, म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, वाडीवरून धावत खाली आले. सरकारी दवाखान्यात जाऊन त्यांनीच भावाला ओळखलं, हातातल्या कड्यावरून. आईला त्यांनी बघू दिलं नाही. त्याची माती काकांनी केली, दिवस काकांनी घातले, आणि आई घरात भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागली तेव्हा मला फोनही त्यांनीच केला. "बाय, तू तिला तुझ्याकडं ने. हितं पोराचे कपडे दिसतात तिला. हितं ती वाचायची नाय." मी तिला महाडला आणलं.

त्या वेळी आमच्या शेजारी पाळकबाई राहायच्या. नगरकडच्या, आधीच्या पाळकांच्या विधवा. आम्ही तेव्हा ख्रिस्ती नव्हतो, त्यांची आमची फक्त पाणी येण्याच्या वेळची ओळख. पण त्या रोज दुपारी यायच्या. आई बोलायची नाही, तर त्याही बोलायच्या नाहीत. आपलं निवडण-टिपण घेऊन यायच्या, बसायच्या. मग एक दिवस आईचे जटा झालेले केस बघून त्यांनी खोबरेल तेलाची वाटी मागितली आणि तिच्या डोक्याला तेल लावलं, गुंता सोडवला. पुढे ते रोजचं झालं. पुष्कळ महिन्यांनी आईने स्वतःहून विचारलं, "तुमी आयतवारी कुठं जाता?" त्या म्हणाल्या, "चला की." बस, एवढंच. ती गेली, मग जातच राहिली. तिच्यामागून मीही गेले. बाप्तिस्मा घ्यायला आम्ही खूप वेळ घेतला.

वाडीत हे कळलं तेव्हा काका रागावले होते. वर्षभर नीट बोलले नाहीत. पण घर तोडलं नाही. आजही लावणीला आई वाडीवर जाते, आमच्या वाट्याचे तांदूळ काका पोलादपुराहून एसटीत टाकून पाठवतात. गणपतीत आई आरतीला उभी राहत नाही, पण मागच्या पडवीत बसून नारळ खवते, आणि काकू तिच्या हातात मोदकाचं सारण देते. हे सगळं सोपं नव्हतं. दोन्ही बाजूंनी पुष्कळ काही गिळून ते उभं राहिलं होतं.

संयोजकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "छान, आजी. फक्त थोडं नेमकं करू. आधी अंधार होता ना, तो जरा सांगा."

"अंधार?" आई म्हणाली. "लाईट होती रे आमच्याकडं."

ते हसले. मीही हसले. "म्हणजे देवऋषी, भूतबाधा, असं काही?"

"नाय बा. पोरगा गेला होता."

जाताना ते मला म्हणाले, "सिस्टर, बाहेरचे पाहुणे असतील, त्यांना मराठी येत नाही. आजी बोलतील तसं मी हिंदीत सांगेन. काळजी करू नका." मी खरंच केली नाही.

अधिवेशनाच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या सभेत आईची साक्ष होती. मांडव गच्च भरला होता. सकाळच्या भजनांच्या वेळी इतक्या माणसांनी एका सुरात आवाज लावला की माझ्या अंगावर काटा आला. आमच्या गाळ्यात आम्ही गातो तेव्हा खालच्या दुकानातल्या पत्र्यांचा आवाज आमच्यापेक्षा मोठा असतो. पाळकबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या, आणि त्याही डोळे मिटून गात होत्या. मग पाहुण्यांचे सत्कार झाले, ते संपता संपेनात. आणि मग आईला वर बोलावलं.

हिरव्या काठाचं पातळ नेसून ती माइकपाशी उभी राहिली. संयोजक दुसरा माइक घेऊन बाजूला; त्यांचा आवाज मांडवभर घुमायचा, आईचा पुढच्या रांगांपर्यंतच जेमतेम पोचायचा.

"माझा पोरगा कारखान्यात होता," आई म्हणाली. "जाळ झाला तिथं. गेला तो."

संयोजक हिंदीत म्हणाले, "इनके घर में अंधकार का राज था. उसी अंधकार ने इनका जवान बेटा छीन लिया."

मला वाटलं, चुकून झालं असेल.

"माझ्या दिरानं त्याची माती केली. मला तर काय सुधरत नव्हता. त्यांनीच समदा केला."

"बेटे के जाते ही ससुरालवालों ने इनको घर से निकाल दिया. बोले, तू डायन है, तू अपने बेटे को खा गई."

मांडवातून हळहळ उठली. हिंदी न कळणारी आई व्यासपीठावर थोडी थांबली. तिला वाटलं असेल, आपल्या बोलण्याचंच लोकांना वाईट वाटतंय.

"मग मी पोरीकडं आले. त्या बाई यायच्या रोज. काय बोलायच्या नायत. माझ्या डोक्याला तेल लावायच्या."

"ये पागल होकर भटकती थीं, भूत इनको नचाता था. फिर प्रभु के एक दास आए, इनके सिर पर तेल लगाकर प्रार्थना की, और उसी घड़ी दुष्टात्मा निकल गई!"

लोक टाळ्या वाजवायला लागले. पाळकबाईंनी माझा हात धरला. त्यांचं तोंड उघडंच राहिलं होतं.

आईला अजून बोलायचं होतं. टाळ्या थांबायची वाट बघून ती म्हणाली, "चमत्कार काय झाला नाय. पोरगा तर गेलाच. पन मी जेवायला लागले."

"चमत्कार हो गया! हालेलुया!"

मी उठले. व्यासपीठाच्या पायऱ्यांपर्यंत कशी गेले ते मला आठवत नाही. बिल्ला लावलेल्या एका स्वयंसेवकाने मला अडवलं. "ताई, खाली बसा, कार्यक्रम चालू आहे." मी ओरडले, "हे खोटं आहे! ती असं बोललेली नाही!" पुढच्या दोन-चार रांगांनी माझ्याकडे पाहिलं. एका बाईने तर हात वर करून डोळे मिटले, तिला वाटलं मला आत्म्याने स्पर्श केलाय. तेवढ्यात वाद्यवृंदाने गाणं सुरू केलं, आणि माझा आवाज कुठल्या कुठे गेला. वर कुणीतरी आईच्या खांद्यावर शाल टाकत होतं.

मांडवाच्या मागे मी संयोजकांना गाठलं. ते घाम पुसत होते, खूश होते.

"कोण दास? कोण डायन म्हणालं माझ्या आईला?" मी विचारलं.

"सिस्टर, शांत व्हा. भाव तोच आहे. शब्द थोडे इकडे-तिकडे होतात."

"मी मराठी शिकवते. शब्द इकडे-तिकडे होणं काय असतं ते मला कळतं. तुम्ही माझ्या काकांना राक्षस केलंत. माझ्या भावाला भुताने मारलं म्हणालात. तो कारखान्यात जळला! कुणाच्या तरी निष्काळजीपणाने जळला!"

"तुम्ही बघितलं नाही का, लोक किती रडले? कितीतरी जण पुढे येतील यातून. लोकांना आशा लागते."

"मग ती खरी द्या."

तिथे पंथाचे एक ज्येष्ठ पाळक उभे होते, पांढऱ्या झग्यातले. मला वाटलं, हे तरी काही बोलतील. ते माझ्या डोक्यावर हात ठेवायला पुढे झाले आणि म्हणाले, "बेटी, अशा आशीर्वादाच्या घटकेलाच शत्रू आपल्यात फूट पाडायला बघतो. त्याला जागा देऊ नकोस." मी त्यांचा हात बाजूला केला. शत्रू म्हणजे सैतान. म्हणजे त्यांनी रचलेलं ती प्रभूची साक्ष, आणि मी खरं सांगत होते ते सैतानाचं काम. इतका राग मला आयुष्यात दुसऱ्या कशाचा आला असेल तर तो त्या कारखान्याच्या साहेबाचा, जो भाऊ गेल्यावर आमच्या घरी येऊन "नशीब" म्हणाला होता.

रिक्षातून घरी येताना आई समाधानात होती. "लय लोकं रडली गो," ती म्हणाली. "माझ्या पोरासाठी रडली."

मला ते सहन झालं नाही. मी तिला तिथेच सगळं सांगितलं. इंजिनाच्या आवाजात ती कान पुढे करून ऐकत होती.

"डायन म्हंजे?"

"चेटकीण."

घर आलं, तिने शाल काढून खुर्चीवर टाकली आणि मला विचारलं, "असा कोन बोलला मला? भावोजी बोलले?"

"कुणीच नाही बोललं, आई. त्याने रचलं."

"का पन?"

मी खुर्चीवरची शाल उचलली आणि कपाटात आत सारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांच्या मुलाचा मुंबईहून फोन आला. त्याच्या आवाजातच मला कळलं. साक्षीचा व्हिडिओ मोबाइलवरून सगळीकडे फिरत होता, खाली लिहिलं होतं, 'अंधारातून प्रकाशाकडे'. तो म्हणाला, "ताई, माझ्या बापाने तुमच्यासाठी काय नाय केला? आणि तुमी त्याला जगासमोर असा नागडा करता? वाडीतल्या पोरांनी बघितलाय समद्यांनी. दोघं-तिघं तर खाली येऊन तुमची सभा बंद पाडायला निघाली होती. बाबांनी थांबवला त्यांना." मी सांगायला लागले, पण त्याने फोन ठेवला.

आईने शेजारी बसून सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "चल. वाडीवर जायचा हाय."

अधिवेशनाचा तो शेवटचा दिवस, प्रभुभोजनाचा, म्हणजे सगळ्यांनी मिळून प्रभूच्या नावाने भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा. आम्ही गेलो नाही. निघताना पाळकबाई पिशवी घेऊन दारात उभ्या. मी म्हटलं, "तुम्ही नका येऊ, तिथे लोक चिडलेत." त्या म्हणाल्या, "तेल मी लावलं होतं. मग मी नको का यायला?" त्यांच्या बोलण्यातही राग होता. तो मी पहिल्यांदा ऐकला.

एसटीने पोलादपूर, तिथून घाटाकडे जाणाऱ्या जीपमधून वाडीच्या फाट्यापर्यंत, आणि मग चढण. वाटेत भेटलेल्या दोन बायकांनी तोंड फिरवलं. यातलीच एक लावणीत आईच्या शेजारी वाकून रोपं लावते.

काका पडवीत बसले होते. उठले नाहीत. काकू दारात आली आणि पदर खोचून उभी राहिली. "आलात? आता कशाला आलात? आमी हाकललेल्या घरात?"

आई अंगणातच थांबली. "भावोजी, मी तसा बोलले नाय."

"तूच दिसत्येस त्याच्यात, वयनी," काका म्हणाले. "तुझाच तोंड हाय."

"तोंड माझा हाय. बोलनं त्या मानसाचा हाय. लावा तो. लावा, आनि माझा आवाज ऐका."

कुणीतरी मोबाइल आणला. आजूबाजूची माणसं गोळा झाली होती, त्यात ती चिडलेली पोरंही. व्हिडिओत संयोजकांचा आवाज मोठा आणि आईचा बारीक येत होता. तिचं एक वाक्य झालं की मी तो थांबवायला लावायची आणि आई अंगणात उभी राहून तेच मोठ्याने बोलायची. "माझ्या दिरानं त्याची माती केली. त्यांनीच समदा केला." असं एकेक. "पन मी जेवायला लागले," हे म्हणताना ती पहिल्यांदा रडली. काका खाली बघत होते.

मग पाळकबाई पुढे झाल्या. "मी कुणी दास-बिस नाही. मी ह्यांच्या शेजारची. ह्यांच्यातून भूत काढलं नाही, केसांतला गुंता काढला. आमच्या लोकांनी खोटं केलं. माझ्या देवाच्या नावाने केलं, म्हणून मी इथे उभी आहे."

काकू बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. तांब्या पाळकबाईंच्या हातात दिला, आमच्याकडे मात्र बघितलंही नाही.

काका म्हणाले, "वयनी, तू बोललीस ते मला पटला. तू तशी नाय, मला ठाव हाय. पन हा जो फोनात हाय तो जातोय घराघरात. माझ्या पोराच्या कंपनीत बघितला. माझ्या मुलीच्या सासरी बघितला. त्यांना कोन सांगनार?"

आम्ही तिथे जेवलो, पण जेवण नेहमीसारखं नव्हतं.

त्यानंतर मी पंथाच्या कार्यालयात गेले, एकदा नव्हे, अनेकदा. मला आधी बसवून ठेवलं, मग समजावलं, मग शास्त्रातली वचनं ऐकवली. एकाने विचारलं, "व्हिडिओ काढून टाकला तर लोकांचा विश्वास डळमळेल, त्याची जबाबदारी तुम्ही घेणार का?" मी म्हटलं, "घेते." शेवटी त्यांनी तो इंटरनेटवरच्या आपल्या पानावरून काढला. चूक झाली असं कुठेही लिहिलं नाही, कुणी वाडीवर जाऊन काकांची माफी मागितली नाही. वर संयोजकांचा मला फोन आला, की पुढच्या अधिवेशनात आजींना पुन्हा बोलवायचं ठरतंय, बाहेर त्यांना फार मागणी आहे. मी फोन आईला दिला. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला बोलता येता, दादा. पन तुमाला ऐकता येत नाय." मग तिला फोन बंद करता येईना, तो मी केला.

आई अजून रविवारी गाळ्यात जाते. मीही जाते. शाळेतल्या एका बाईंनी मला विचारलं की एवढं झाल्यावर सोडलं का नाहीत. मी सांगितलं, ज्यांनी खोटं केलं त्यांच्यासाठी मी गेले नव्हते, मग त्यांच्यामुळे का सोडू? अधिवेशनाला मात्र मी पुन्हा गेलेले नाही, आणि वर्गणी मागायला आलेल्यांना दारातूनच परत पाठवते.

यंदाच्या गणपतीत काकांनी आईला बोलावलं. ती गेली, नारळ खवले. पण वाडीतली दोन घरं तिच्याशी आजही बोलत नाहीत, आणि काकांच्या मुलीच्या सासूने त्या व्हिडिओवरून पोरीला जे टोमणे मारले ते काकू आम्हाला पुरते सांगतही नाही.

मध्यंतरी बाजारात भाजी घेताना एका अनोळखी बाईने मला थांबवलं. चेहरा उजळलेला, चांगल्या मनाची असावी. म्हणाली, "तुमच्याच आई ना त्या? भूत लागलं होतं त्यांना?"

भाजीवाला हातात मेथीची जुडी धरून थांबला होता. मी पिशवी खाली ठेवली आणि तिला पहिल्यापासून सांगायला लागले, माझा भाऊ कारखान्यात होता तिथपासून. तिला घाई होती, तिने दोनदा घड्याळाकडे बघितलं. पण मी तिला जाऊ दिलं नाही.